सरूमावशींच्या हातातली सुई

सुईला सरूमावशी घाबरत नव्हत्या. त्यांना भीती होती ती सुई दिल्यानंतर काय होईल याची. हे मला कळायला फार दिवस लागले, आणि तोवर मी त्यांच्यावर बरंच चिडून घेतलं होतं. माझा स्वभावच तसा. टेलिफोनच्या कचेरीत मी तक्रारींच्या टेबलावर बसते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात, मग घरी येऊन मी कोणावर तरी ओरडणार, हे ओघानं आलंच.

नाशिकला सिडकोत आमच्या मागच्या गल्लीत सरूमावशी पाळणाघर चालवायच्या. पाळणाघर म्हणजे काय, दोन खोल्या, एक मोरी, दोऱ्याचे दोन पाळणे आणि भिंतीला पाठ लावून बसलेली पाच-सहा पोरं. आईबाप अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नाहीतर माझ्यासारखे कचेऱ्यांत. माझ्या मुलीला, जुईला, मी तिथं ठेवलं ते सत्त्याण्णव साली, ती रांगत होती तेव्हा. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून रडले आणि जुई माझ्याकडे वळूनही न बघता मावशींच्या पदराशी खेळत बसली. मला राग आला, हे कबूल. पण त्या दिवसापासून कचेरीत माझा जीव थाऱ्यावर राहू लागला, हेही तितकंच खरं.

मावशी देवळ्याकडच्या. नाशकात येऊन वीस वर्षं झाली तरी भाषा अर्धीमुर्धी तिकडचीच. एरवी बोलणं सरळ, आपल्यासारखं. पण मन हललं की अहिराणी सुरू, आणि मग ‘तुम्ही’चं ‘तू’ व्हायचं. आमची जुईही बोबडं बोलायला लागली ती त्यांच्याकडूनच. ‘दूध नको’ऐवजी ‘दूध नही’ म्हणायची, ‘आहे’ला ‘शे’ म्हणायची. माझे यजमान रविराज हसायचे, म्हणायचे, “शाळेत घालताना दुभाष्या लागणार.”

ती दोन वर्षांची असताना आम्ही सटाण्याला सासरी गेलो होतो. एकादशी होती. सासूबाईंनी साबुदाण्याची खिचडी केली, कूट सढळ हातानं घातलेली. जुईनं दोन-तीन घास खाल्ले आणि ओठ चोळायला लागली. बघता बघता तोंड सुजलं, अंगभर लाल गांध्या उठल्या. सासूबाई म्हणाल्या, “पित्त उठलंय, घाबरू नको.” आणि त्यांनी जे केलं ते आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या करतात. आमसूल भिजवून अंगाला चोळलं, वर गेरू फासला, आणि घोंगडीत गुंडाळून पोरीला मांडीवर घेतलं. घोंगडीची ऊब मिळाली की पित्त बसतं म्हणे. माझ्याही लहानपणी आईनं असंच केलं होतं आणि माझं पित्त बसलंही होतं. म्हणून मीही गप्प बघत बसले. मग घोंगडीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तो जुईचा श्वास होता.

तालुक्याच्या डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं म्हणून ती वाचली. पण घोंगडीतला तो आवाज माझ्या कानातून गेला नाही. अजूनही कोणी कुकर लावला आणि शिट्टी बारीक यायला लागली, की मी उठून गॅस बंद करते.

नाशिकला परत आल्यावर आम्ही कॉलेज रोडला एका मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, शेंगदाणा. तिच्या अंगाला शेंगदाणा म्हणजे विष आहे. पित्त ते हे नव्हे. पुढच्या वेळी याहून जोरात येईल, आणि दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मिळेल असं धरून चालू नका. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक बारीक काचेची कुपी काढली, एक छोटी सिरिंज काढली, आणि मला व रविराजना इंजेक्शन कसं द्यायचं ते शिकवायला सुरुवात केली. आम्ही दोघं मान डोलावत होतो. मध्येच त्यांनी विचारलं, “दिवसभर मुलगी कुणाकडे असते?”

“पाळणाघरात,” मी म्हटलं.

“मग तुम्ही दोघांनी शिकून काय उपयोग?”

मला त्यांचा राग आला, कारण ते बरोबर बोलत होते.

आता आपल्याकडे शेंगदाण्यापासून मूल वाचवायचं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, चटणी तर दाण्याचीच. उपास असला की दाणे, नसला तरी दाणे. तेलसुद्धा शेंगदाण्याचं. नाशिक जिल्ह्यात शेंगदाणा चुकवत राहणं म्हणजे गोदाकाठी राहून पाय कोरडे ठेवणं. मावशींनी मात्र माझं ऐकलं. ज्या दिवशी सांगितलं त्याच दिवशी त्यांनी घरातले दाणे, कूट, तेलाची बरणी, सगळं गल्लीतल्या एका बाईला देऊन टाकलं. खलबत्ता घासून उन्हात ठेवला. दुसऱ्या पोरांचे डबे दारातच उघडून बघायच्या आणि दाण्याची चटणी दिसली की आईच्या तोंडावर परत द्यायच्या. त्यावरून एक-दोन बायका चिडल्याही. एवढं सगळं त्यांनी केलं, पण सुईचं नाव काढलं की ओठ घट्ट मिटायच्या.

मी रोज संध्याकाळी तासभर तिथं बसायचे. सोबत मोसंबी न्यायचे, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं की मांडीवर सुई टोचायची सवय मोसंब्यावर करा. साध्या पाण्याच्या कुप्या त्यांनीच दिल्या होत्या. कुपी रुमालात धरायची, मान मोडायची, सुई आत घालून ओढायचं, हवेचा बुडबुडा टिचकी मारून वर आणायचा आणि खुणेपर्यंतच ठेवायचं. ती खूण मी माझ्या लाल नेलपॉलिशनं सिरिंजवर काढली होती, कारण मावशींना आकडे वाचायला जमत नसे आणि मला घाईत वाचता आले नसते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, सरळ आत. कपडे काढत बसायचं नाही, वरूनच द्यायची. दिल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच. त्या हिवाळ्यात आम्ही सिडकोतल्या इतक्या मोसंब्यांना भोकं पाडली की फळवाल्यानं विचारलं, “ताई, घरात कोणी आजारी आहे का?”

मावशी मोसंब्यात सुई छान घालायच्या. हात पक्का. पण मी म्हणाले की आता समजा हे मोसंबं म्हणजे जुई आहे, की हात खाली यायचा.

“ताई, दुसरं काय पण सांगा,” त्या म्हणायच्या. “मी तिला उचलून पळत नेईन दवाखान्यात. अनवाणी नेईन.”

“पळून पोचणार नाही तुम्ही, मावशी. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“माले जमाव नही.”

एक दिवस मी चिडले. आवाज चढवला. म्हटलं, तुम्हाला जमत नसेल तर मला पोर दुसरीकडे ठेवावी लागेल. हे नुसतं भीती घालण्यासाठी म्हटलं होतं, दुसरीकडे कुणी घेणारं नव्हतंच. मावशी खाली बसल्या. मोसंबं हातातच होतं. मग त्यांनी जे सांगितलं, ते मला माहीत असतं तर मी आवाज चढवला नसता.

लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांना मूल झालं नाही. गावात त्यांना बारशाला बोलवायचे नाहीत. रस्त्यात समोरून आल्या तर बायका कडेवरच्या पोराला पदराआड घ्यायच्या. एकदा भावकीतल्या एका बाईचं तान्हं मूल खूप रडत होतं, म्हणून मावशींनी नुसतं उचलून घेतलं, थोपटलं. ते मूल पुढच्या आठवड्यात तापानं गेलं. सगळ्या गावानं ठरवलं, सरूनं हात लावला म्हणून गेलं. नवऱ्यानं घराबाहेर काढलं ते त्यावरूनच. नाशकात आल्या त्या कुणाला काही माहीत नव्हतं म्हणून, आणि धुण्याभांड्याची कामं करता करता एका बाईनं आपलं बाळ सांभाळायला दिलं, म्हणून पाळणाघर उभं राहिलं.

“सुई नही दिधी आनि पोर गयी, तर देवानी नेली म्हनतीन,” त्या म्हणाल्या. “आनि मी सुई दिधी आनि पोर गयी, तर? सरूनी पोर मारी टाकी म्हनतीन. ताई, तू पन म्हनशी.”

मी म्हटलं, “मी नाही म्हणणार.” पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला माझ्याच शब्दांचा भरवसा वाटेना. आईचं काय सांगावं? पोर गेली तर मी कुणाला काय म्हणेन, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

त्या दिवशी आम्ही मोसंबी तशीच ठेवून उठलो. पण दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा मावशींनी स्वतःच मोसंबं घेऊन ठेवलं होतं.   त्यानंतर खऱ्या औषधाच्या दोन कुप्या, दोन सिरिंजा आणि कापूस एका प्लॅस्टिकच्या कंपासपेटीत घालून मी त्यांच्याकडे दिल्या. त्यांनी त्या पेटीसाठी खांद्याला अडकवायची पिशवी शिवली. जुई जिथं, तिथं पिशवी. अंगणात, गिरणीत, गणपतीला. मोरीत हातपाय धुवायला न्यायच्या तरी पिशवी दाराच्या कडीला. पोरं त्यांना ‘पिशवीआजी’ म्हणायला लागली.

मी अधूनमधून कचेरीतून अर्ध्या दिवसानं अचानक यायचे आणि दारातूनच ओरडायचे, “मावशी, जुईला झालं!” मग त्या हातातलं टाकून धावायच्या, पिशवी उघडायच्या, पाण्याची कुपी मोडायच्या. जुईला तो खेळ वाटायचा, ती टाळ्या पिटायची. मावशी मात्र दर वेळी घामानं भिजलेल्या असायच्या. शेजारच्या आशावहिनी एकदा मला म्हणाल्या, “योगिनी, त्या म्हातारीला तू हार्ट अटॅक आणशील.” आशावहिनींचं घर पाळणाघराला लागून, आणि त्या ओळीत फोन फक्त त्यांच्याकडे. त्यांना मी सांगून ठेवलं होतं, काही झालं तर आधी रिक्षा थांबवा, मग मला फोन करा. माझ्या टेबलावर दिवसभर फोन वाजायचा. प्रत्येक वाजण्यात मला आशावहिनींचा आवाज ऐकू यायचा आणि मग कुणीतरी खेकसायचं, “अहो, आमचा फोन चार दिवस डेड आहे,” आणि मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटायचे.

दोन हजार सालच्या संक्रांतीनंतर आशावहिनींनी त्यांच्या नातवाचं बोरन्हाण केलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. लहान मुलाला काळं झबलं घालून, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, दाणे, गोळ्या असं सगळं मिसळून त्याच्या डोक्यावरून ओततात, आणि बाकीची पोरं खाली सांडलेलं लुटतात. लुटलेलं तिथंच तोंडात जातं. पोरांचा आनंद तोच असतो.

आशावहिनी चांगल्या बाई. जुईला बोलवायचं म्हणून त्यांनी मुद्दाम काळजी घेतली. सामान आधीच मिसळून ठेवलेलं होतं, जुईचं आठवल्यावर त्यांनी सगळं सुपात घेतलं, शेंगा आणि दाणे एकेक करून निवडले, मग पाखडलं, फोलपटं फुंकून उडवली, आणि पुन्हा निवडलं. मावशींनी दारातच विचारलं, “दाने नाहीत ना?”

“एक दाणा नाही, मावशी. मी स्वतः निवडलंय, पाखडलंय.”

आपल्या घरात निवडून पाखडून घेतलेल्या वस्तूवर संशय कोण घेतं? तांदळातला खडा निघाला की तांदूळ स्वच्छ. डाळीतली कणी गेली की डाळ स्वच्छ. जन्मभर सूप हातात धरलेल्या बाईला पाखडलेलं म्हणजे निर्मळ. दाण्याची पूड चुरमुऱ्यांना लागून राहते, हे तिच्या सुपाला कधी कळणार? मावशींचं समाधान झालं. त्यांनी जुईला आत सोडलं, पिशवी खांद्यावर तशीच ठेवली आणि भिंतीशी उभ्या राहिल्या.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. थोडं आशावहिनींकडून, थोडं तिथल्या बायकांकडून. मावशींनी कधीच सांगितलं नाही.

जुईनं मूठभर चुरमुरे खाल्ले. थोड्या वेळानं ती ओठ खाजवायला लागली. मग शिंका, मग खोकला. मग मानेवर गांध्या. बायकांत एकच गलका झाला, “पित्त! पोरीला पित्त उठलं!” कुणी आमसूल आणायला धावली, कुणी गेरू विचारू लागली, आशावहिनींच्या जावेनं आतून घोंगडी आणली. आणि मावशींनी काय केलं? त्यांनी जुईला मांडीवर घेतलं आणि आमसुलाचं पाणी तिच्या हाताला चोळायला लागल्या. इतकी मोसंबी टोचली, इतक्या वेळा धावल्या, आणि तरी हात आमसुलाकडे गेला. हाताला चाळीस वर्षांची सवय होती. मला यात नवल वाटत नाही. मी स्वतः सटाण्याला घोंगडीकडे बघत बसले होते.

जुईनं “आजी” म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज घोगरा आला. पुन्हा म्हणायला गेली तर आलाच नाही. तिनं उलटी केली आणि मान मावशींच्या दंडावर टाकली. ओठ निळसर दिसायला लागले.

मावशींनी घोंगडी फेकली. “बाजूले व्हा!” असं त्या इतक्या जोरात ओरडल्या की पाटावरचं पोर रडायला लागलं. पेटी उघडली. पहिली कुपी काढली, आणि रुमाल घ्यायचं विसरल्या. काच तळहातातच चुरडली. औषध आणि रक्त दोन्ही फरशीवर सांडलं. बायका म्हणायला लागल्या, “अहो, हे काय करताय? डॉक्टरला आणा! तुम्ही का सुई देताय?” एक म्हणाली, “पोरीला काही झालं तर?”

आशावहिनी मला म्हणाल्या, “योगिनी, हे ऐकल्यावर त्या थांबल्या. दुसरी कुपी हातात होती, आणि त्या नुसत्या बघत राहिल्या, कुपीकडे नाही, आम्हा बायकांकडे. एकेकीच्या तोंडाकडे. मला वाटलं, आता ह्या उठून पळणार.”

त्या काय बघत होत्या, ते मला माहीत होतं. आशावहिनींना माहीत नव्हतं.

मग त्यांनी कुपी पदरात धरली आणि मान मोडली. सुई घातली, ओढली, टिचकी मारली, लाल खुणेशी आणली. आशावहिनी फोनकडे निघाल्या होत्या, त्यांना मावशी म्हणाल्या, “आशा, धर तिना पाय!” आशावहिनींना जन्मात असं कुणी नावानं हाक मारून दरडावलं नव्हतं. त्यांनी मुकाट पाय धरले. थंडीचे दिवस होते, जुईला लोकरीची विजार होती. तिच्यावरूनच मावशींनी सुई मांडीत घातली, सरळ आत, आणि दाबून धरली. जुई किंचाळली नाही. तिच्यात तेवढा जीवच नव्हता. पण तिनं डोळे उघडून मावशींच्या तोंडाकडे बघितलं, आशावहिनी म्हणतात, आणि ते बघणं त्यांना अजून विसरता येत नाही.

माझ्या टेबलावर फोन वाजला तेव्हा मी कुणाला तरी सांगत होते की लाइनमन उद्या येईल. आशावहिनींचा आवाज ऐकला आणि मी रिसीव्हर टेबलावर तसाच टाकून पळत सुटले. रिक्षात मी काय बोलत होते कोणास ठाऊक. त्र्यंबक नाक्याला गाड्या अडल्या होत्या आणि रिक्षावाला मागं वळून म्हणाला, “ताई, देवाचं नाव घ्या.” मी देवाचं नाव घेत नव्हते. मी मनात सरूमावशींशी भांडत होते. दिली असेल का? नसेल दिली तर? दिली असेल आणि तरी…? आणि त्या क्षणी मला समजलं, की जुई गेली असेल तर मी मावशींचंच नाव घेणार आहे. दिली तरी, न दिली तरी. मावशींनी मला माझ्यापेक्षा आधी ओळखलं होतं.

दवाखान्याच्या पायरीवर मावशी बसल्या होत्या. हाताला पदर गुंडाळलेला, रक्तानं भिजलेला. मला बघून त्या उठल्या नाहीत.  सुई दिल्यावर जुई पांढरीफटक पडली होती, अंग थडथडत होतं, छाती धडधडताना फ्रॉकवरून दिसत होती. औषधानं असं होतं, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं आणि मी मावशींना सांगितलं होतं. पण तेव्हा त्यांना ते आठवलं नाही. रिक्षातून उतरून पोर डॉक्टरांच्या हातात दिली आणि आपण तिला मारलं असं समजून त्या बाहेर येऊन बसल्या.

मी त्यांना ओलांडून आत पळाले.

जुईच्या तोंडाला मास्क होता, हाताला सलाइन. छाती खालीवर होत होती. डॉक्टर म्हणाले, “श्वास सुधारलाय. रात्रभर ठेवून घेऊ, पुन्हा येऊ शकतं.” मी कॉटचा दांडा धरून खाली बसले. रविराज कारखान्यातून आले, तेही माझ्याशेजारी जमिनीवर बसले. 

संध्याकाळी जुईला जरा तरतरी आली तेव्हा मला मावशींची आठवण झाली. त्या अजून पायरीवरच होत्या. नर्सनं हाताला पट्टी बांधून दिली होती एवढंच. मी म्हटलं, “मावशी, चला. जुई बघा तुमची.” त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी खरं बोलते की नाही, ते बघत असाव्यात. मी दंडाला धरून त्यांना उठवलं.

दारात त्यांना बघितलं आणि जुई किंचाळली. “ती नको! ती नको! ती टोचते!” सलाइनचा हात ओढत ती माझ्या कुशीत शिरायला लागली. नर्स धावून आली. मी म्हटलं, “अगं, पिशवीआजी आहे, तुझी आजी.” तशी ती अजूनच ओरडली. मावशी दोन पावलं मागं झाल्या, आणि मग दाराबाहेर गेल्या. बाहेर बाकावर बसून त्या जुईचं रडणं ऐकत राहिल्या. मी नंतर डोकावले तेव्हा त्यांचा चेहरा मला नीट कळला नाही.

लेकरू विसरेल, असं सगळे म्हणाले. चार दिवसांत विसरेल. जुई विसरली नाही. पाळणाघराची गल्ली आली की ती माझ्या खांद्यात तोंड लपवायची. मी आत नेलं तर भिंतीला चिकटून उभी राहायची आणि मावशी हलल्या की ओरडायची. मावशींनी खाऊ दिला, बाहुली शिवली, दुरून गाणं म्हटलं. ज्या पोरीला रांगण्यापासून त्यांनी वाढवलं, ती त्यांच्या सावलीलाही उभी राहीना. शेवटी मावशींनीच मला सांगितलं, “ताई, नका आणू. पोरीचा जीव घाबरतो. आशावहिनींकडं ठेवा.”

आशावहिनींनी ठेवून घेतलं. बोरन्हाणानंतर त्यांच्याही घरात दाणा राहिला नव्हता, आणि ते सूप त्यांनी चुलीत घातलं होतं. पण सुई त्यांना यायला हवी होती. ती मी शिकवायला गेले तर आशावहिनी माझ्यापुढं नुसत्या रडायच्या. मग मावशीच रोज दुपारी, जुई झोपली की, मागच्या दारानं यायच्या, मोसंबं घेऊन. “आधी रुमाल, वहिनी,” त्या म्हणायच्या आणि तळहातावरची खूण दाखवायच्या. जुईनं कूस बदलली की चप्पल हातात घेऊन निघून जायच्या. पिशवीही त्यांनी आशावहिनींच्या खांद्याला स्वतः अडकवली, पट्टा त्यांच्या मापानं उसवून पुन्हा शिवून.

त्या उन्हाळ्यात आशावहिनींच्या ओट्यावर मी आणि मावशी बसलो होतो. समोर जुई पोरांबरोबर लंगडी खेळत होती. आमच्याकडे पाठ करूनच खेळत होती, मावशी बसल्या आहेत हे तिला माहीत होतं. धापा टाकत, ओरडत, पडत, उठत. गल्लीत नव्यानं राहायला आलेली एक बाई मावशींना म्हणाली, “ही तुमच्याकडेच असायची ना? आता येत नाही का तुमच्याकडे?”

मावशी जुईकडेच बघत होत्या.

“मनाकडे येस नही,” त्या म्हणाल्या. “पन शे ना.”